दात कोरायची काडी

महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले त्या दिवशी खापरच्या बाजारात पेढे वाटले गेले, आणि वाटणाऱ्यांत चुनीलालशेठ सगळ्यांत पुढे होते. पेढे संपले तसे ते दुकानाच्या ओट्यावर टेकले, मिशीला लागलेली साखर पुसली आणि समाधानानं म्हणाले की आता सेलंब्याचा पितांबर परदेशी झाला.

सेलंबा म्हणजे काही विलायत नव्हे. सकाळी गाडी जुंपली तर माणूस तिथे आरामात जेवायला पोचे. पितांबरशेठ आणि चुनीलालशेठ एकमेकांच्या घरच्या लग्नांत वाढप करून आलेले. पण मधून रेघ गेली, रेघेवर नाका बसला, नाक्यावर एक आडवा बांबू आणि एक शिपाई आला, आणि दोघा वाण्यांना आपण दोन देश आहोत असं वाटू लागलं. चुनीलालशेठांकडे तर रेडिओही होता. रोज संध्याकाळी बातम्या ऐकायच्या, कोणता देश कोणाच्या बाजूला झुकला ते ओट्यावर बसलेल्यांना समजावून सांगायचं, आणि शेवटी आंबाकुंडावर यायचं, असा त्यांचा क्रम होता.

आंबाकुंड वर सातपुड्यात होतं. कागदावर ते रेघेच्या अलीकडे, म्हणजे आपल्यात. पण त्या गावातून दोन पायवाटा उतरत, एक खापरला आणि एक सेलंब्याला, आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला कुठल्या वाटेनं उतरावं हे सांगायला तिथे कुणी शिपाई नव्हता. टोपलीत चारोळी असे, डिंक असे, मोहाची फुलं असत. उलट जाताना टोपलीत फक्त मीठ असे. शेठांचा भाव सरळ होता : एक माप चारोळी, एक माप मीठ. मुंबईला चारोळी काय भावानं जाते हे आंबाकुंडात कुणालाच कळत नाही, असा शेठांचा पक्का समज होता, आणि त्या समजावर सारंगखेड्याला त्यांच्या भावांनी केळीचे दोन नवे मळे घेतले होते.

या गावाशी शेठांचं जे परराष्ट्र खातं होतं, ते म्हणजे उखा.

उखा लोणखेड्याचा. शेतकऱ्याचा मुलगा, पण चार भावांत जमीन पुरेना म्हणून शेठांकडे मापाड्या म्हणून लागला. त्याच्या उजव्या अंगठ्यात हुनर होतं. मीठ देताना तो अंगठा मापाच्या आत बसे आणि चारोळी घेताना बाहेर राही, आणि समोरच्याच्या नजरेला यातलं काही येत नसे. शेठांची बायको जसोदाबाई गमतीनं म्हणायची की घराचा वरचा मजला त्या अंगठ्यानं चढवला. असा माणूस नुसता दुकानात ठेवणं शेठांना नुकसानीचं वाटलं. त्यांनी त्याला आंबाकुंडच्या पायथ्याशी छोटं दुकान टाकून दिलं, आणि वर्षभरात गावचा कारभारी जामसिंग याच्याकडे गोष्ट काढून त्याची मुलगी गजरा उखाला करून दिली.

शेठांच्या हिशेबी ही सोयरीक म्हणजे तह होता. जामसिंगच्याही हिशेबी तो तहच असावा. मुलगी दिली की दुकान आपलं, दुकान आपलं की मीठ आपलं. लोणखेड्याला मात्र उखाच्या भावांनी त्याला पंगतीतून उठवलं, आई शांतीबाईनं दार लावून घेतलं, आणि तेव्हापासून उखाला आंबाकुंडची झोपडी सोडून दुसरं घर उरलं नाही.

ते त्याला जड गेलं असं म्हणता येणार नाही. गजरा हसरी होती. तो तिची बोली बोलू लागला की ती तोंडावर पदर धरून हसे, मग पुन्हा बोलायला लावी. ती दुकानात समोर येऊन बसली की उखाचा अंगठा आपोआप मापाबाहेर राही. तेवढं नुकसान तो शेठांना कळू देत नसे. दुकान एकाच्या खात्यावर, बायको दुसऱ्या खात्यावर, असं त्यानं मनात वेगळं मांडून ठेवलं होतं आणि त्या मांडणीवर तो खूश होता.

तिनंच त्याला काडीची गोष्ट सांगितली होती. आंबाकुंडात नातं तोडायचं असलं की जाणत्यांसमोर गवताची काडी मोडत. नवरा-बायको असोत, भाऊ असोत, की धान्याची देवघेव करणारी दोन घरं असोत. मोडलेले तुकडे जमिनीवर तसेच पडू द्यायचे. मोडणाऱ्याच्या घरातलं कुणी उठून ते तुकडे उचलले आणि 'हातातून निसटली' असं म्हणून मोडणाऱ्याच्या हातात परत ठेवले, की नातं जुळलं. मात्र मग समोरच्यानं जे मागितलं असेल ते द्यावं लागे, निदान अर्धं तरी. कुणी उचललं नाही तर समोरचा ते तुकडे ओलांडून निघून जाई. ओलांडलं की संपलं. हे सांगताना गजरानं झाडूची काडी घेऊन मोडून दाखवली होती, आणि उखानं घाईघाईनं तुकडे उचलून तिच्या हातात दिले तेव्हा ती इतकी हसली होती की शेजारीण डोकावायला आली.

रेघ पडल्यावर पहिलं वर्ष शांततेत गेलं. दुसऱ्या वर्षी, होळीच्या आधी, बातमी आली की पितांबरनं आंबाकुंडाला सांगावा धाडला : एका मापाला दोन मापं मीठ, आणि होळीला जामसिंगला फेटा.

त्या संध्याकाळी रेडिओ बंद राहिला. ओट्यावर चर्चा झाली ती दिल्लीत झाली असती तशीच झाली. एकजण म्हणाला, आपणही दोन मापं द्यावीत, शेजारी हातचा जाऊ देऊ नये. दुसरा म्हणाला, मीठच बंद करावं, पावसाळ्याच्या तोंडावर आपोआप खाली येतील. शेठांनी उखाला विचारलं. उखा जावई, पण तो मुनिमासारखा बोलला. आज दोन दिली तर उद्या डिंकाला दोन मागतील, परवा मोहाला. आणि एका गावाला दिली की वरची सगळी गावं दाराशी येतील. पितांबरला नाक्यावर मीठ अडकतं, त्याचं दोन मापांचं बोलणं दोन महिन्यांचं आहे. आपण हो म्हणू नये, नाही म्हणू नये, नुसतं पाहू म्हणावं. ओट्यावरच्यांनी माना डोलावल्या. शेठ म्हणाले, उखाला खापरला वाया घालवला, याला वकिलातीत पाठवायला पाहिजे होता. उखाला त्या रात्री जेवण गोड लागलं.

जामसिंग बाजाराच्या दिवशी आला. बरोबर दोन जाणते. शेठांचं नुकतंच जेवण झालं होतं. पाहुण्यांना ओट्याखाली पोत्यांवर बसवलं, विडी दिली, पाणी दिलं. शेठ वर लोडाला टेकलेले, उखा खांबाशी उभा. जामसिंग हळू बोलणारा माणूस. त्यानं पितांबरचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाला की पोरगी या घरात दिली आहे, म्हणून आधी या घरी विचारायला आलो; मिठाचं दुसरं माप द्यावं.

शेठांनी ठरल्याप्रमाणे 'पाहू' म्हटलं. जेवणानंतर दात कोरायची त्यांना सवय होती. केरसुणीतून उपसलेली काडी त्यांच्या हातात होती. दाढेतला तुकडा निघाला, आणि शेठांनी नेहमीप्रमाणे ती काडी कट्कन मोडून समोर टाकली.

दोन्ही तुकडे जामसिंगच्या पायाशी पडले.

विडी ओढणाऱ्या दोघा जाणत्यांचे हात थांबले. जामसिंगनं तुकड्यांकडे पाहिलं. मग त्यानं मान वर केली ती शेठांकडे नाही, उखाकडे.

शेठांना काहीच कळलं नव्हतं. ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत ढेकर देत होते. कळलं होतं ते खांबाशी उभ्या असलेल्या एकट्याला. चार पावलं टाकून वाकायचं, तुकडे उचलायचे, शेठांच्या हातात ठेवायचे. आणि मग दुसरं माप द्यायचं, निदान अर्धं. शेठ विचारतील की हे द्यायचा हक्क तुला कुणी दिला. ओट्यावरचे विचारतील की सासरा मोठा की शेठ मोठा. उखानं भराभर हिशेब केला. काडी पडून राहिली तर काय होईल? चारोळी महिनाभर सेलंब्याला जाईल. नाक्यावर पितांबरचं मीठ अडकेल. जामसिंग परत येईल, एका मापावर येईल, आणि शेठ पाठीवर हात ठेवतील. हिशेब चोख होता. उखानं शेठांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि खांबाशी उभाच राहिला.

जामसिंगनं विडी शेवटपर्यंत ओढली. घाई केली नाही. थोटूक विझवलं, उठला, आणि ते दोन तुकडे ओलांडले. मागोमाग दोघा जाणत्यांनीही ओलांडले. अंगणाच्या कडेला जाऊन तो वळला.

"शेठ, काडी तुमी मोडी," तो म्हणाला. "मीठ गयं, चारोळी गयी. पोर आमी लई जातंस."

शेठ दचकून सरळ बसले. कोणती काडी, असं त्यांनी उखालाच विचारलं.

उखा तेव्हा धावला. बाजारातून, टोपल्यांच्या रांगांतून, ओढ्यापर्यंत. पण डोंगरची माणसं चालायला लागली की मैदानी माणसाला गाठता येत नाहीत, आणि तो आंबाकुंडला पोचला तेव्हा दुकानाच्या झोपडीत चूल विझवलेली होती. वाळत घातलेली मोहाची फुलं गोळा करून नेलेली होती. त्याचं धोतर, टोपी, आरसा, सगळं नीट घडी करून दाराबाहेर ठेवलं होतं. जामसिंगच्या घराकडे जायच्या वाटेवर दोन तरुण काठ्या घेऊन बसले होते. ते त्याच्याशी अदबीनं बोलले, पण उठले नाहीत. बायको आपण वेगळ्या खात्यावर मांडली होती, पण समोरच्यांच्या मांडणीत खातं एकच होतं, हे त्याला तिथे उभ्या उभ्या उमगलं.

ओलांडल्यावरही एक शेवटची तोड उरत असे. मोडणारा स्वतः बोकड घेऊन वर गेला आणि जाणत्यांसमोर गवताची ताजी काडी जामसिंगच्या हातात दिली, तर तुटलेलं जुळत असे. उखा खाली आला आणि त्यानं शेठांना सगळी चाल समजावली. शेठांनी ती मन लावून ऐकली. त्यांना ती आवडली. एका काडीत एवढं राजकारण आहे हे आधी का सांगितलं नाहीस, म्हणून त्यांनी विचारलं. मग शेठांनी बोकड, वर जायचा दिवस, दुसरं माप आणि चारोळीचा मुंबईचा भाव यांची मनाशी बेरीज केली.

"बायको तुन्ही आनि मीठ मन्हं?" ते अगदी मायेनं म्हणाले. "हाऊ कोनता हिसाब शे, भो?"

ओट्यावर हशा पिकला. उखाही हसला. ओट्यावर बसणाऱ्यानं शेठांच्या विनोदाला हसायचं असतं.

पितांबरनं चारोळीच्या हंगामभर दोन मापं दिली. नाक्यावर मीठ अडकलं ते फक्त उखाच्या हिशेबात. खरोखरीच्या नाक्यावर शिपायाला दोन आणे दिले की बांबू वर जात असे. चुनीलालशेठांच्या कोठीत त्या साली चारोळीचा दाणा आला नाही. पण पितांबरलाही दोन मापांत पुरेना झालं होतं, आणि हे दोघांना एकमेकांचं कळत होतं. पावसाळा सरत आला तेव्हा शेठांनी उखाला सेलंब्याला धाडलं. वाकून बोलायला, चाचपायला. मैत्रीचा हात पुढे करायला, असं शेठ रेडिओच्या भाषेत म्हणाले.

उखानं एक अट घातली. आयुष्यात पहिल्यांदा. बोलणी होतील त्यांत गजराचं कलमही असावं : पितांबरनं जामसिंगला सांगावं की पोर परत धाड. जामसिंग त्याचं ऐकेल, आता मीठ त्याच्या हातात आहे. शेठांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, हो, का नाही, तुझंही कलम टाकू.

तीन फेऱ्या झाल्या. उखानं त्या जीव ओतून केल्या. नाक्यावरच्या बांबूखालून वाकून जाताना त्याला दर वेळी वाटे की आपण आंबाकुंडालाच निघालो आहोत. शेवटची बैठक देवमोगऱ्याच्या वाटेवरच्या एका धर्मशाळेत दोघा शेठांनी समोरासमोर घेतली, आणि उखाला बाहेर घोंगडीवर बसवलं. आतून हसण्याचे आवाज येत होते. जुन्या लग्नांतल्या वाढपाच्या आठवणी निघाल्या असाव्यात. बऱ्याच वेळानं चुनीलालशेठ बाहेर आले, चपला शोधू लागले. उखानं चपला पुढे ठेवल्या.

ठरलं ते असं. चारोळी पितांबरची, मोह आणि डिंक चुनीलालचा. मीठ दोन्ही वाटांनी एकच माप, ना कमी ना जास्त. कुणी कुणाच्या गावाला सांगावा धाडायचा नाही.

उखा उभा राहिला. त्यानं गजराचं विचारलं.

शेठ चालत होते, थांबले नाहीत. म्हणाले की अखेरीला गाडं डिंकावर अडलं होतं. पितांबर डिंक सोडेना. मग एकेक कलम खाली ठेवत गेलो, त्यानं एक ठेवलं, आपण एक ठेवलं. तुझं आपल्याकडचं सगळ्यांत हलकं होतं. आणि जामसिंगनं पोर पितांबरच्याच माणसाकडे, सेलंब्याच्या वाटेवरच्या दुकानातल्या भिकनकडे, केव्हाच नांदायला दिली आहे. आता ते उपटत बसणं बरं दिसलं नसतं.

"डिंक मियना ना पन," शेठ म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ज्या हाताची उखानं होळीपासून वाट पाहिली होती तो हात.

आंबाकुंडानं आधी ऐकलं आणि मग पाहिलं. जामसिंग सेलंब्याला गेला, तिथे एक माप. खापरला माणूस धाडला, तिथे एक माप. होळीचा फेटा त्याच्या डोक्यावर होता, तो त्यानं काढून आढ्याला टांगला. मिठाशिवाय काही आठवडे काढता येतात, हिवाळा काढता येत नाही. पौषात वरच्या बायका पुन्हा दोन्ही वाटांनी उतरू लागल्या. चारोळीवाल्या तिकडे, डिंकवाल्या इकडे.

खापरच्या बाजारात उखा पुन्हा मापाड्याच्या जागी बसला होता. बसल्या जागी पुढ्यात टोपल्या येत, तो चेहरे बघत नसे. एका टोपलीतला डिंक निवडून स्वच्छ केलेला होता, काडी-कचरा नाही, साल नाही. असा डिंक निवडणारे हात त्याला ठाऊक होते. त्यानं वर पाहिलं.

गजरा वाळली होती. ती हसली नाही, रडलीही नाही. बाजारात एखाद्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तशी, बाजारच्या बोलीत, ती त्याच्याशी बोलली. भिकन बरा आहे म्हणाली. बा आता घराबाहेर फारसा पडत नाही म्हणाली. उखानं डिंक मापला, अंगठा बाहेर ठेवून. घेताना तो बाहेरच असतो.

मग त्यानं खालच्या आवाजात सांगितलं की शेठ तेव्हा नुसते दात कोरत होते. ती काडी नव्हतीच. बाला हे कुणी समजावलं असतं तर—

"बाले माहीत व्हतं," गजरा म्हणाली. "शेठ दरसाल तशीच काडी टाकस. बानी कितीक येळा देखेल व्हती."

उखाचा हात मापावर थांबला.

"तू उचलता ते बा एकच माप मानी लेता. मीठ मांगाले बा नई ऊना व्हता. त्याले इतलंच देखनं व्हतं, त्या घरमा आपला कोनी शे का नई."

तिनं रिकामी टोपली पुढे धरली. मागे रांग लागली होती. ओट्यावर शेठ लोडाला टेकून कुणाला तरी सांगत होते की शेजारच्या देशाशी कसं वागावं हे दिल्लीला अजून कळलेलं नाही.

उखानं मिठाच्या राशीत माप खुपसलं, भरलं, हातानं सपाट केलं. त्याला तिला खूप काही द्यायचं होतं. निदान ते एक माप तरी शीग लावून. पण माप उचललं तेव्हा अंगठा आत होता. कितीतरी वर्षं तो तिथेच बसत आला होता, त्याला सांगावं लागत नसे.

गजरानं अंगठ्याकडे पाहिलं. टोपली हलवून मीठ एका कडेला सारलं, डोक्यावर घेतली आणि वळली.

मागची बाई पुढे सरकली. उखानं माप उचललं.